जुनं दुखणं

त्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर जोडापाशी फुटल्यापासून तो कोपऱ्यावर वळला की अख्ख्या गल्लीला कळायचं. आज दिवसभर गाडीखाली लोळून त्याने नवं गॅस्केट बसवलं, नट आवळले आणि चक्कर मारून आला. गाडीचा हूं नाही की चूं नाही! खुशीत त्याने घराच्या खिडकीतून आत डोकावलं.

रेडिओ दणाणत होता. गुडघ्यांपायी पाणीसुद्धा हातात मागणारे बाबा गिरक्या घेत होते. सून टाळ्या पिटत होती.

"बाबा, हे येतील हं!"

"येऊ दे की! त्याची गाडी कोपऱ्यावरूनच वर्दी देते."

तो पाय न वाजवता मागे फिरला, पुन्हा गाडीखाली शिरला, नट सैल केले आणि गाडी दणदणवत दारात आला.

बाबा खुर्चीत कण्हत होते. "झाली का रे दुरुस्त?"

"छे! दुखणं जुनं आहे, बाबा. तुमच्या गुडघ्यांसारखंच."