ऊन लागलेला रुमाल

"तीस वर्षं नुसती रेणूंची गणितं करतेस. एक चिंधी तरी रंगवून दाखव," असं रंगारी आबा लेकीला नेहमी चिडवत. आज त्या लेकीनं, कुमुदनं, आपल्या गणितातून जन्मलेला रंग काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून आणला होता. सावलीत तो बिनरंगी असे, ऊन लागताच जांभळा व्हायला हवा होता.

तिनं कोरा रुमाल त्यात बुडवून अंगणात धरला. रुमाल पांढराच राहिला. तिचा चेहरा उतरला.

आबांनी कापड चिमटीत चोळून पाहिलं. "कुमे, कोऱ्या कापडाची खळ काढलीस का गं? खळीमुळे रंग धाग्यात शिरतच नाही."

"इलेक्ट्रॉन न् इलेक्ट्रॉन तपासला, आबा. खळ राहिलीच."

"पहिलाच धडा विसरलात, डॉक्टरीणबाई!" असं म्हणत त्यांनी दुसरा रुमाल उकळून, पिळून दिला.

या वेळी रंगात बुडवल्यावर तो उन्हात जांभळा झाला, सावलीत पुन्हा पांढरा.

आबांनी तो पुन्हा उन्हात धरून पाहिला. "उन्हानं जन्मभर माझे रंग पळवले. तुझा रंग ऊनच घेऊन येतं गं."

आणि साठ वर्षं सावलीत कापडं वाळवणाऱ्या आबांनी तो रुमाल भर उन्हात, रस्त्यावरून दिसेल असा, वाळत घातला.