बसबूसाची ओळख

वज्दानने बसबूसा नावाची अजगरीण पाळली, त्या दिवसापासून तिच्या आईने, हाज्जा नईमाने, लेकीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या शुक्रवारी मात्र वज्दान अलेक्झांड्रियाच्या बागेत मुलांना बसबूसा दाखवत होती, तिथे आई आली आणि गर्दीच्या पार मागे उभी राहिली.

वज्दानने आईला पाहिलं, पण काही न दाखवता ती मुलांना सांगत राहिली, “डोक्यावर नाही, पाठीवरून हात फिरवा. बसबूसाला विष नाही आणि घाईही नाही.”

मुलं खिदळत हात लावून गेली. शेवटची चिमुरडी मात्र उलटी पळाली आणि मागच्या बाईचा झगा घट्ट धरून रडू लागली. ती बाई म्हणजे हाज्जा नईमाच!

“आजी, आधी तू लाव ना!”

हाज्जा तिचं बोट धरून पुढे आली. “नीट धर गं,” तिने लेकीला दटावलं, “सुटली तर बघ!” मग डोळे मिटून तिने दोन बोटं टेकवली. हळूहळू अख्खा तळहात टेकवला.

“चावत नाही ना, आजी?”

“चावेल कशी?” डोळे न उघडताच हाज्जा म्हणाली, “माझी नात आहे ती.”