लसणाचा रस

"हिला घरी काय देता?" मखमल मांजरीच्या फिकट हिरड्या पाहत डॉक्टरांनी विचारलं.

कुमुदिनीबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "सगळं नैसर्गिक आहे. शक्ती यावी म्हणून महिनाभर रोज लसणाचा रस पाजते."

डॉक्टरांनी बाटली हुंगून पाहिली. "बाई, लसणाने मांजराचं रक्त नासतं. ही त्यामुळेच आजारी आहे."

कुमुदिनीबाईंनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. रोज सकाळी मखमल पलंगाखाली लपायची आणि त्या तिला ओढून काढून, मांडीत दाबून रस पाजायच्या.

"माझं रक्त घ्या, पण हिला वाचवा."

"माणसाचं चालत नाही. दुसऱ्या मांजराचं लागेल, तेही आजच."

ज्या बोक्याला त्या अंगणातून हाकलायच्या, त्याच्या मालकिणीच्या, बानूबीच्या दारात त्या हात जोडून उभ्या राहिल्या. बानूबीने बोक्याला टोपलीत घातलं आणि पायात चप्पल सरकवली.

बोक्याचं रक्त चढवल्यावर तिसऱ्या दिवशी मखमल दवाखान्यातल्या पिंजऱ्यात उठून चार घास जेवली. कुमुदिनीबाईंनी हळूच हात पुढे केला, तशी ती अंग चोरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकली.

"तिला वेळ द्या," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी हात मागे घेतला आणि त्या तिथेच, पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या.