स्वयंपाकघर सोडून

"स्वयंपाकघरात गार हवेचा डक्ट नको. तिथे कोण बसतं?" नवऱ्याने एसीवाल्याला परस्पर सांगून टाकलं. रोज सहा तास ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम संपल्यावर एसीवाला म्हणाला, "वहिनी, हॉलमधली ही मोठी जाळी घरातली हवा ओढते. तीच गार होऊन सगळ्या खोल्यांत जाते."

रविवारी घरातले सगळे एसी लावून आपापल्या खोलीत पडले असताना तिने त्या जाळीखाली विजेची शेगडी मांडली, तापल्या तव्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. दोन मिनिटांत खोलीखोलीतून ठसके ऐकू आले. नाकाडोळ्यांतून धारा लागलेला नवरा दार ढकलून आत शिरला.



"या," ती म्हणाली. "पण इथे कोणी बसत नाही. उभंच राहावं लागतं."