दगडूच्या कापडातलं भोक

“बाबा, हात काढा. सावली पडते,” सरोजिनी म्हणाली आणि तिने कॅमेरा आणखी खाली आणला.

विठोबाने हात काढला, नजर काढली नाही. गिरगावातल्या त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात, काचेच्या कपाटावर, पॉपलिनचा तळहाताएवढा तुकडा पसरला होता. मधोमध मुगाच्या दाण्याएवढं भोक. सरोजिनी सोनारांकडे दागिन्यांचे फोटो काढायची. तिला बारीक वस्तू टिपणारी, वापरलेली मॅक्रो लेन्स हवी होती. दुकानदार जगनने एकाच लेन्सची जुनी आणि नवी आवृत्ती समोर ठेवली, तेव्हा विठोबाने खिशातून हा तुकडा काढला. तो आज तिच्याबरोबर आला होता तो त्यासाठीच.

तेवीस वर्षांपूर्वी, संपाच्या दोन महिने आधी, तो गिरणीत कापड तपासायचा. विणकर दगडूच्या साच्यावर, म्हणजे मागावर, विणलेल्या ताग्यात हे भोक सापडलं. विठोबाने तेवढा तुकडा नमुना म्हणून कापून घेतला आणि वहीत ‘विणीचा दोष’ लिहिलं. डागी तागा विणणाऱ्यानेच अर्ध्या किमतीत विकत घ्यायचा, या रिवाजाप्रमाणे तो दगडूच्याच गळ्यात पडला. “माझ्या साच्यावर धागा तुटलाच नाही!” दगडू सगळ्या खात्यासमोर ओरडला होता. मग संप आला, गिरणी गेली, दोघांचंही काम गेलं. बोलणं मात्र त्या दिवसापासूनच बंद. काळाचौकीच्या देवळात दोघं कीर्तनाला येत आणि दोन टोकांना बसत. परवाच्या एकादशीला बुवांनी निरूपण मध्येच थांबवलं आणि म्हणाले, “ज्याच्यावर बोट ठेवलंत, तिथं परत जाऊन कधी बघितलंत का?” विठोबाला वाटलं, एवढ्या माणसांत हे आपल्यालाच विचारलं. कारण लोंबते धागे छाटायचं पातं तपासणीच्या टेबलावर त्याच्याच हातात असायचं.

जुनी लेन्स धातूची, जड, हाताने फिरवायची. सरोजिनीला फिरवताक्षणी आवडली. चित्र मऊ आलं. भोकाच्या कडेला धाग्यांची लव दिसली.

“तुटलेलेच वाटतायत की,” ती म्हणाली.

“काका, हीच न्या,” जगन म्हणाला. “नवीत निम्मं प्लास्टिक.”

घ्यावी आणि घरी जावं. आपण बरोबर, दगडू चूक. विठोबाच्या मनात आलंसुद्धा. पण त्याने मान हलवली.

“ही अर्ध्यावर थांबते. आणखी जवळ जात नाही. नवी लाव.”

“बाबा, मला अंगठ्यांचे फोटो काढायचेत, कापडाचे नाही.”

“लाव म्हणतो ना!”

नवी लेन्स बारीक घरघरली आणि पडद्यावर धागे दोरखंडाएवढे झाले. तुटलेला धागा टोकाशी निमुळता होतो, पिंजतो. ही टोकं सपाट होती. सगळी एका रेषेत. ती लव नुसती कडेवरची होती.

“साचा नाही. पातं आहे,” विठोबा म्हणाला. “माझं.”

त्याचे डोळे भरून आले. “इतकी गिऱ्हाइकं बघितली,” जगन पुटपुटला, “लेन्स बघून रडणारे तुम्ही पहिलेच.”

सरोजिनीने नवी लेन्स घेतली, फोटो मोठा छापून घेतला. “उद्या जाऊ दगडूकाकांकडे,” ती म्हणाली.

“तेवीस वर्षं उद्याच म्हणत आलोय.”

त्याच संध्याकाळी दोघं लालबागला गेले तेव्हा दगडू चाळीच्या गॅलरीत टाळांची दोरी बदलत बसला होता. विठोबाने फोटो त्याच्या मांडीवर ठेवला.

“दगडू, भोक माझ्या पात्याने पडलं. तुझ्यावर आळ घेतला मी.” आणि तो पाया पडायला वाकला.

दगडूने त्याचे दोन्ही दंड धरले, शेजारी बसवलं. मग फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.

“पातं तुझं नव्हतं रे,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या पोरीला, शांतीला, शाळेचे झगे शिवायचे होते. तागा अर्ध्या किमतीत मिळावा म्हणून भोक मीच पाडलं.”

विठोबाने विचारलं, “मग माझ्याशी बोलणं का टाकलंस?”

“चोर लिहिलं असतंस तर सोसलं असतं, विठोबा. तू माझी वीण वाईट लिहिलीस.”