सात ते साडेसात

मोबाइलवर फटाक्यांचे आवाज मोजून मी नियम लिहिला: फक्त फुलबाज्या आणि भुईनळे, सात ते साडेसात. खाली पहिली सही दादाची. तो कागद मी शेजारच्या ठमीकाकींच्या दारावर चिकटवला. गेल्या दिवाळीत सुतळी बॉम्बला घाबरून पळालेला त्यांचा म्हातारा कुत्रा भुऱ्या तिसऱ्या दिवशी थेट नागावच्या किनाऱ्यावर लंगडताना सापडला होता. आज सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पावणेआठला काकींनी कागद पुन्हा वाचला आणि भुऱ्याची साखळी सोडली. तो शेपटी हलवत अंगणात आला, तेवढ्यात आमच्या गच्चीवर धडाम झालं. भुऱ्या नारळाच्या वाडीत दिसेनासा झाला. "अगं, गेल्या वर्षीचा एकच उरला होता," दादा वरून हसला. आम्ही तासभर हाका मारल्या. परतल्यावर काकींनी दारावरचा कागद काढून माझ्या हातात ठेवला. "त्याला वाचता येत न्हाय, पोरी. मी वाचलं, म्हणून सोडला."