वाकडं गंध

मोनालीची सुपारी फुटायची होती, ते साल २०२४. शहागडचे पाहुणे भोकरदनला आले आणि मुलीचा बाप म्हणून कल्याणने रीतीप्रमाणे त्यांना गंध लावायला घेतलं. पण त्याचा हात असा कापत होता, की मुलाचे वडील भुजंगराव यांचं गंध कपाळ सोडून भुवईवर उतरलं.

"काय पाहुणे, सकाळीच घेतली का काय?" भुजंगराव म्हणाले, आणि सगळी बैठक हसली.

मेहुणा सूरज कल्याणच्या कानाला लागला. "दाजी, हो म्हणून टाका. दारूपायी सोयरीक मोडत न्हाई. गोळीचं नाव तेवढं काढू नका."

कल्याणने गंधाची वाटी काही खाली ठेवली नाही.

"दारू न्हाई, भुजंगराव. मन पार खचल्तं, त्याची गोळी घेऊन राह्यलो, दोन सालं झाली. तिच्यानं हात कापतो, तोंड कोरडं पडतं. पण सकाळी उठून रानात जाऊ वाटतं. तुम्हाला चालत नसंल तर आत्ताच सांगा. सोयरीक दुसरी बघता येईल, गोळी मी सोडणार न्हाई."

आणि त्याच कापत्या हाताने तो पुढच्या पाहुण्याच्या कपाळाकडे वळला.

 

कल्याणचा थोरला भाऊ अंगद याने आपल्या मुलीचं, मीनाचं लग्न मोडू नये म्हणून अशीच गोळी गुपचूप सोडली होती. मीनाच्या हळदीच्या आदल्या दिवशी, १४ मे २०१९ रोजी, त्याने जीव दिला.